तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेसाठी बॅगेत काय नेऊ?

परदेशी निघालेलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "तिथल्या गरीब शाळेसाठी काय नेऊ? पेन्सिली चालतील ना?" मी म्हणते, आधी शाळेला विचारा. लगेच चेहरा पडतो, जणू मी चांगल्या कामात मोडता घातला. म्हणून एकदाचं सगळं सांगते.

कंबोडियात, सिएम रीपजवळच्या एका शाळेत मी न कळवता गेले होते. सोबत ५० पेन्सिली आणि इंग्रजी गोष्टींची पुस्तकं. शिक्षकांनी चालू तास थांबवून मुलांची रांग लावली. प्रत्येकाला पेन्सिल मी माझ्या हाताने दिली, फोटो काढून घेतले. १२ उरल्या. तेवढ्यात फाटकातून दुसरी मुलं आत येऊ लागली. तिथल्या कितीतरी शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरतात, हे मला ठाऊकच नव्हतं. सकाळची मुलं पेन्सिली नाचवत घरी निघाली होती आणि दुपारची थबकून बघत होती. शिक्षक काहीच बोलले नाहीत. त्यांनी उरलेल्या पेन्सिली टेबलावर ओळीने मांडल्या, सुरीने एकेकीचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला टोक काढत बसले. २४ झाल्या. मुलं त्याहून कितीतरी जास्त. एक मुलगी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती, तिने मागितलीच नाही. पुस्तकं तर ख्मेर वाचणाऱ्या त्या मुलांच्या कामाचीच नव्हती.

तेव्हाची मी अजून भांडते: ३८ जणांना तर मिळाली ना? मिळाली. ती खूश होती, तेही खरं. पण सगळ्या पेन्सिली शिक्षकांकडे दिल्या असत्या, तर त्यांनी दोन्ही सत्रांचा विचार केला असता. मला स्वतःच्या हातानेच द्यायचं होतं, दुसरं कारण नव्हतं.

'पॅक फॉर अ पर्पज' ही संस्था २०१० पासून हेच सांगते: जाल तिथल्या शाळेची गरज आधी बघा आणि बॅगेत सव्वादोन किलोंची जागा ठेवा. पण शाळेने जड किंवा महागाचं काही मागितलं तर? पैसे कुणाकडे द्यायचे? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मागच्या प्रवासात एका शाळेला विचारलं. त्यांना खडू आणि फळ्याचा रंग हवा होता. दोन्ही तिथल्याच बाजारात घेतलं, मुख्याध्यापकांकडे दिलं आणि एकाही मुलाला न भेटता परतले. समाधान वाटलं का? नाही. दिवसभर चुटपुट लागून राहिली.