किती मुले उद्योजक झाली?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. "इतकी वर्षे शाळांमधून पैशाचे आणि धंद्याचे वर्ग घेता, त्यातून किती मुले उद्योजक झाली?" हा प्रश्न मला देणगीदारांच्या बैठकीत विचारला जातो, मुख्याध्यापकांच्या खोलीत विचारला जातो आणि लग्नाच्या पंक्तीत शेजारी बसलेले काकाही श्रीखंड वाढून घेता घेता विचारतात. आजवर मी "अजून लहान आहेत हो ती" असे म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर खोटे नव्हते, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही.

कायद्याने पाहिले तर आठवीतले मूल उद्योजक होऊच शकत नाही. 1872च्या भारतीय करार कायद्याखाली अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, मोहरी बीबी खटल्यात सांगितले आणि ते आजही लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. 2016च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्यापुरती मुभा ठेवली आहे. तेव्हा ज्याला गाळा भाड्याने घेता येत नाही, कर्ज काढता येत नाही आणि स्वतःच्या सहीने माल उचलता येत नाही, त्याच्या नावापुढे मी कोणता शिक्का मारावा अशी तुमची अपेक्षा आहे? दिल्लीच्या सरकारी शाळांत 2021पासून अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी प्रत्येकी 2000 रुपये भांडवल मिळू लागले, तेव्हा ती बातमी मला इतक्या जणांनी पाठवली की मी मोजणे सोडून दिले. माझी मुले त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी लहान आहेत आणि माझ्या पाठीशी सरकारी तिजोरी नाही, हे सांगूनही आता कंटाळा आला आहे.

आमचा धंदा म्हणजे डिसेंबरातला आनंद मेळावा. भेळ, सरबत, कांदेपोहे, एखाद्या वर्गाने रंगवलेल्या पणत्या. मेळावे शाळांत पूर्वीपासून भरतातच. आम्ही त्यात फक्त हिशोबाची भर घालतो. मागे एका शाळेत चार मुलींनी वीस रुपयांना एक अशा चाळीस प्लेट भेळ विकली. गल्ल्यात आठशे रुपये जमले, कुरमुरे, फरसाण, कांदे, पुऱ्या आणि कोथिंबीर यांना 430 रुपये गेले होते, म्हणून फळ्यावर नफा 370 असा लिहिला गेला. मी विचारले की चटण्या कुठून आल्या. चिंच, खजूर, गूळ आणि गॅस घरचा होता, त्याचे अंदाजे 110 झाले. दोन तास चटण्या वाटणाऱ्या आईची मजुरी किती धरायची यावर बराच वाद होऊन 200 ठरले. उरले साठ, म्हणजे चौघींना पंधरा-पंधरा. तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "ताई, आईचे नको ना लिहूया, ती कुठे मागते?" तो सगळा वर्ग त्या एका वाक्यासाठी घेतला होता असे मला अजूनही वाटते. मुख्याध्यापकांनी मात्र बक्षीस समारंभात नफा 370 असाच जाहीर केला, आणि प्रमाणपत्रावरही तोच आकडा छापला गेला.

ऐपतदार वस्तीतल्या शाळांत वेगळाच त्रास असतो. तिथले पालक "शेअर मार्केट शिकवा, ऑप्शन्स शिकवा" असे म्हणतात. 2024मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेल्याचे दिसले, हे मी सांगते. ते मान डोलावतात आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच विचारतात. त्यांच्याविषयी एवढे पुरे.

आता जे मी टाळत आले ते सांगते.

भांडुपच्या डोंगरावरच्या एका शाळेत आम्ही आठवीच्या मुलांना घरखर्चाची वही दिली होती. महिनाभर घरात काय आले आणि काय गेले ते लिहायचे, नावे लिहायची नाहीत, वही कोणाला दाखवायची नाही, असे नियम होते. त्याच सुमारास व्याजाचा पाठ झाला. मी फळ्यावर पुस्तकी उदाहरण मांडले: तीस हजार मुद्दल, दर साल दर शेकडा बारा, वर्षाचे व्याज 3600. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "ताई, पण तीस हजारांवर तीन हजार महिन्याला जातात ना?" मी म्हटले, मग ते किती टक्के झाले ते तूच काढ. वर्गाने मिळून 120 टक्के काढले. शाळेच्या पुस्तकातले व्याज वर्षाचे असते आणि वस्तीतले "दहा टक्के" महिन्याचे असतात, हे त्या तासाला चाळीसएक मुलांना एकदम कळले आणि मी भलत्याच आनंदात खाली उतरून भांडुप स्टेशन गाठले.

ते तीन हजार त्याच्या घरातून जात होते. वडील मालकाची रिक्षा शिफ्टवर चालवत. धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला तेव्हा खासगी हॉस्पिटलात भरायला त्यांनी गल्लीतल्या एकाकडून पैसे उचलले होते. चौदा महिन्यांत 42,000 रुपये देऊन झाले होते आणि मुद्दल जागच्या जागी होते. पुढच्या वसुलीच्या दिवशी तो माणूस दारात उभा असताना मुलाने वही उघडून सगळा हिशोब त्याच्यासमोर वाचला आणि "काका, तुमचे तीस कधीच फिटले" असे सांगून टाकले. तो माणूस रागावला नाही. हसला, मुलाच्या डोक्यावर टपली मारली आणि वडिलांना म्हणाला, आठ दिवसांत पूर्ण मुद्दल आणून ठेवा.

वडील शाळेत आले तेव्हा अंगावर खाकी शर्ट तसाच होता, म्हणजे शिफ्ट मोडून आले होते. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, तीन हजार गुणिले चौदा मला पण येतं. दहावीपर्यंत शिकलोय मी. रात्री अकरा वाजता काउंटरवाला डिपॉझिट मागत होता. माझ्याकडे सॅलरी स्लिप नाही, खोली भाड्याची, रिक्षा मालकाची. तुमची कुठली बँक उघडी होती त्या वेळी? त्या माणसाने दहा मिनिटांत नोटा मोजून दिल्या. महाग आहे, ते काय मला कळत नाही? पण पोराने माझ्यादेखत मला अडाणी ठरवलं."

मी त्यांना कायदा सांगितला. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली गुन्हा आहे, सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, मी सोबत येते, असे म्हटले. त्यावर ते म्हणाले, "तक्रार करून तुम्ही घरी जाल. गल्लीत आम्ही राहतो." आपण कोणत्या बाजूला राहतो हे मला कोणी इतक्या सभ्यपणे आजवर सांगितले नव्हते. मी दुसऱ्या योजनांची नावे घेतली आणि घेता घेताच मला कळत गेले की एकही त्यांना लागू पडत नाही. 2020ची पीएम स्वनिधी फेरीवाल्यांसाठी आहे, त्यात रिक्षावाले बसत नाहीत. बचत गटाचे कर्ज मुलाच्या आईच्या नावाने मिळाले असते, पण त्यासाठी आधी गटात असावे लागते आणि त्या नव्हत्या.

शेवटी त्या बाईंनी मंगळसूत्र तारण ठेवले आणि सोन्यावरच्या कर्जातून मुद्दल फेडले. त्या कर्जाचा वर्षाचा दर गल्लीतल्या दराच्या पाव हिस्साही नव्हता. माझा सहकारी म्हणतो, आणि चिडून म्हणतो, की याला यश नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे: मुलाने दर काढला, घर 120 टक्क्यांच्या फासातून सुटले, आर्थिक साक्षरता म्हणजे दुसरे काय असते? देणगीदारांच्या अहवालात ही गोष्ट सुरेख बसली असती. मी ती लिहिली नाही. बाई गळ्यात काळी पोत घालून शाळेच्या फाटकाशी भेटल्या तेव्हा त्यांनी माझी विचारपूस केली, पण मुलाला त्या वर्षी पुन्हा आमच्या तासाला बसू दिले नाही.

सुरुवातीच्या काळात मी जिथे जाईन तिथे ठामपणे सांगायचे की हिशोब कळला की माणूस सुटतो. त्या बाईला, म्हणजे मलाच, आज विचारावेसे वाटते की ज्याला हिशोब आधीपासून येतो आणि तरीही सुटता येत नाही, त्याला तू काय शिकवणार होतीस? ती गप्प बसत नाही. ती म्हणते, मग मुलाला 120 टक्के कळलेच नसते तर बरे झाले असते का? दहावीच्या बीजगणितात "अर्थनियोजन" नावाचे प्रकरण आहे, त्यात मुले जीएसटी आणि शेअरच्या दलालीची गणिते सोडवून गुण मिळवतात आणि घरी आल्यावर दारातल्या वसुलीवाल्याला "काका" म्हणतात, ते तुला चालते का? मला ते चालत नाही. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता यावे म्हणून रिझर्व्ह बँकेने 2014मध्येच वाट मोकळी केली आणि 2025मध्ये नियम नव्याने दिले, तरी मुलांना घेऊन गेले की शाखेत "पालकांना आणा" हेच ऐकू येते. नियम ठाऊक नसते तर मी तिथे भांडलेही नसते. म्हणजे माहितीचा उपयोग आहे, हे मी अजून मानते. तो कोणाच्या घरात, कोणाच्या देखत आणि कोणाच्या जिवावर व्हावा, हे मला ठरवता आलेले नाही.

त्यानंतर आम्ही खरी वही बंद केली आणि एका काल्पनिक कुटुंबाची वही छापली. वडिलांचा पगार एक तारखेला, दूध, वीज, शाळेची फी, थोडी बचत. मुलांनी ती निमूटपणे भरली आणि विसरली. एका मुलीने मात्र विचारले, "ताई, या घरात कोणीच उसने घेत नाही का?" पुढच्या वर्षी आम्ही त्या कुटुंबाला कर्ज काढून दिले, महिना दहा टक्क्यांनी, आणि वर्ग पुन्हा जिवंत झाला, म्हणजे घरोघरची गणिते पुन्हा वर्गात येऊ लागली आणि माझ्या पोटात पुन्हा गोळा यायला लागला.

सहकाऱ्याला खरी वही परत आणायची आहे. त्याचे म्हणणे असे की आधी पालकांची बैठक घ्यावी, पर्याय त्यांच्यासमोर मांडावेत आणि मगच मुलांच्या हाती पेन द्यावे. मी विचारते की मांडायला पर्याय आहेत कुठे, आणि तो मला बचत गटाच्या कर्जाचे कागद दाखवतो. वह्यांची ऑर्डर मे अखेरपर्यंत छापखान्यात द्यावी लागते. ती कोणत्या वहीची द्यायची यावर आमचे अजून जमलेले नाही.