व्हेरोनाच्या अरेनात ‘आयदा’: चौथ्या अंकापर्यंत थांबणाऱ्यांसाठी

उत्तर इटलीतील व्हेरोना या शहरात, पियाझ्झा ब्रा नावाच्या विस्तीर्ण चौकाला लागून, पहिल्या शतकात बांधलेले, अरेना म्हणून ओळखले जाणारे रोमन प्रेक्षागृह आजही उभे आहे आणि दर उन्हाळ्यात तिथे आकाशाखाली ऑपेराचे प्रयोग होतात. 1117 च्या भूकंपात त्याचे बाहेरचे कडे जवळजवळ सगळे कोसळले. चार कमानींचा एक तुकडा तेवढा उरला आहे. आतला लंबवर्तुळाकार वाडगा मात्र शाबूत राहिला, आणि त्याच्या दगडी पायऱ्यांवर बसून हजारो माणसे एका वेळी गाणे ऐकू शकतात. इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 10 ऑगस्ट 1913 रोजी इथे त्यांच्या ‘आयदा’ या ऑपेराचा प्रयोग झाला, त्यात टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचे गायक जोव्हान्नी झेनातेल्लो यांचा पुढाकार होता, आणि तेव्हापासून ‘आयदा’ हे या महोत्सवाचे दैवतच होऊन बसले आहे. मी पाहिलेला प्रयोग त्याच 1913 च्या रूपात सादर झाला होता. एत्तोरे फाज्युओली यांनी त्या वेळी केलेल्या नेपथ्याच्या आराखड्यांवरून दिग्दर्शक ज्यान्फ्रान्को दे बोसिओ यांनी 1982 साली तो पुन्हा उभा केला. रंगमंचावरचे उंच स्तंभ आणि सूच्याकार शिळा मागच्या खऱ्या रोमन पायऱ्यांशी इतक्या मिळून जातात, की नेपथ्य कुठे संपते आणि वास्तू कुठे सुरू होते, हे काही काळ कळत नाही.

इथे जाऊ इच्छिणाऱ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की सगळा बेत शेवटच्या अंकाला केंद्रस्थानी ठेवून आखावा. सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे जून-जुलैत रात्री नऊच्याही पुढे, प्रयोग सुरू होतो आणि मध्यंतरे धरून मध्यरात्र उलटून जाते. दुसऱ्या अंकातील विजययात्रा संपली, की परतीच्या गाडीची वा बसची चिंता असलेले अनेक प्रवासी उठून जातात. त्यांनी सोहळा पाहिलेला असतो, पण ‘आयदा’ ऐकलेली नसते. कारण या ऑपेराचे खरे मर्म तिसऱ्या आणि चौथ्या अंकांत आहे आणि तिथे गर्दी नाही, दोन-तीन माणसे आणि त्यांचे आवाज एवढेच आहे.

म्हणून मुक्काम व्हेरोनातच करावा. मिलानहून जलद रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, व्हेनिसहूनही अंतर साधारण तेवढेच आहे, त्यामुळे संध्याकाळी येऊन रात्री परतण्याचा मोह होतो. परंतु प्रयोग संपतो त्या वेळी रेल्वेवर विसंबता येत नाही. पोर्ता नुओव्हा स्थानकापासून सरळ रस्त्याने चौकापर्यंत पायी वीस मिनिटांत पोहोचता येते. या पट्ट्यात किंवा जुन्या शहरात खोली मिळाली तर उत्तम, मात्र महोत्सवाच्या काळात भाडी चढतात, तेव्हा तिकीट आणि खोली एकदमच ठरवावी. भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना उन्हाळ्यातील गर्दी लक्षात घेऊन बरेच आधी हातपाय हलवावेत. तिकिटे महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

कुठे बसावे हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. खालच्या मैदानात गादीच्या खुर्च्या आहेत, त्या महाग असतात आणि तिथे नीटनेटक्या पोशाखाची अपेक्षा असते. त्याच्यावर क्रमांक असलेल्या पायऱ्या आणि सर्वांत वर क्रमांक नसलेल्या, जो आधी येईल त्याच्या, दगडी पायऱ्या. माझ्या मते ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी क्रमांकित पायऱ्यांवर, रंगमंचाच्या समोरच्या बाजूला किंवा किंचित कडेला जागा घ्यावी. आवाज तिथवर चढून येतो आणि रंगमंचही पूर्ण दिसतो. अगदी कडेच्या जागा रंगमंचाला जवळ वाटल्या तरी तिथून अर्धे दृश्य हातचे जाते. क्रमांक नसलेल्या जागा स्वस्त आहेत आणि तिथला उत्साह अनुभवण्यासारखा आहे, परंतु दरवाजे उघडण्यापूर्वीच रांगेत उभे राहण्याची तयारी हवी. तिकिटावर कोणत्या प्रवेशद्वारातून आत जायचे हे छापलेले असते. प्रेक्षागृहाला संपूर्ण वळसा घालावा लागू शकतो, म्हणून ते आधीच पाहून ठेवावे.

वरच्या पायऱ्यांचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब धरून ठेवतो. त्यावर साडेतीन तास बसायचे म्हणजे उशी हवीच. ती भाड्याने मिळते किंवा घरून फुगवण्याची न्यावी. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत न्यावे, काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत. अकरानंतर वारा सुटतो, तेव्हा पातळ शाल सोबत असलेली बरी.

पावसाचा नियम आधीच वाचून ठेवावा. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच रद्द झाला तर पैसे परत मिळतात, पण एकदा पहिला सूर लागला आणि नंतर पावसाने प्रयोग थांबला, तर परतावा नाही. आकाश भरून आले असले तरी लगेच उठून जाऊ नये. थेंब पडताच वादक आपली वाद्ये सांभाळत आत जातात, पाऊस ओसरला की परत येतात आणि प्रयोग पुढे सुरू होतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी हाती एक रात्र राखून ठेवावी.

जाण्यापूर्वी संहिता वाचून जाणे ही सगळ्यांत उपयुक्त तयारी आहे. कथा लहान आहे: इथिओपियाची राजकन्या आयदा इजिप्तमध्ये दासी आहे, तिच्या देशावर चालून जाणारा सेनापती रादामेस तिच्यावर प्रेम करतो, आणि फॅरोची मुलगी आम्नेरिस रादामेसवर. शब्द इटालियन असले तरी कोणत्या क्षणी कोण काय म्हणते आहे हे ठाऊक असेल, तर नजर रंगमंचावर राहते. शिवाय वेळेच्या बरेच आधी जागेवर असणे आवश्यक आहे, कारण रादामेसचे ‘चेलेस्ते आयदा’ हे पद अगदी आरंभीच येते. त्याच्या शेवटचा उंच स्वर विरत जाणारा, अतिशय हळुवार असावा अशी व्हेर्दी यांची सूचना आहे. बहुतेक टेनर तो भर आवाजात लावतात. आपल्या रात्रीचा गायक काय करतो, याकडे कान द्यावा.

अंधार पडू लागला, की प्रेक्षकांनी छोट्या मेणबत्त्या पेटवायच्या ही इथली जुनी परंपरा आहे. त्यानंतर घंटानाद होतो आणि वाद्यवृंदाचे सूर अगदी कोवळ्या आवाजात सुरू होतात. एवढ्या मोठ्या उघड्या जागेत ध्वनिवर्धकाचा आधार न घेता गाण्याची ही परंपरा आहे, आणि एकट्या गायकाचा आवाज शंभरावर वाद्ये व गायकांवरून तरंगत कसा येतो, याचे उत्तर तालमीत आहे: कसलेला ऑपेरा-गायक आपल्या आवाजातील शक्ती सुमारे 3000 हर्ट्‌झच्या आसपास एकवटतो, आणि त्या पट्ट्यात वाद्यवृंद तुलनेने दुबळा असतो. विख्यात ऑपेरा-गायिका मारिया कालास यांनी इटलीतील आपला पहिला प्रयोग याच रंगमंचावर, 1947 च्या ऑगस्टमध्ये, ‘ला जोकोंदा’ या ऑपेरात केला होता.

विजययात्रेबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांनी ऐकलेली असते. लांब, सरळ नळीच्या तुताऱ्यांचे दोन गट असतात. पहिला गट एका पट्टीत धून वाजवतो, दुसरा तीच धून चढ्या पट्टीत उचलतो, आणि त्या एका उडीने सगळे प्रेक्षागृह ताठ होऊन बसते.

तिसरा अंक नाईलच्या काठी घडतो. तंतुवाद्ये एकच सूर निरनिराळ्या सप्तकांत धरतात, त्यावर बासरी फिरते, आणि एवढ्यावरच व्हेर्दी यांनी चांदणे, पाणी आणि उकाडा उभा केला आहे. इथे आयदाचे ‘ओ पात्रिया मिया’ येते. गेलेल्या देशाची आठवण काढताना गायिकेला एक अत्यंत उंच स्वर ओरडल्यासारखा न होऊ देता, मऊ ठेवून गाठावा लागतो. मी ऐकलेल्या रात्री तो स्वर मागच्या पायऱ्यांपर्यंत आला, आणि टाळ्यांच्या आधी कोणी श्वास सोडल्याचेही जाणवले नाही.

चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश आम्नेरिसचा आहे. आत, तळघरात, धर्मगुरू रादामेसवर देशद्रोहाचे आरोप ठेवतात. तीनदा त्याला बचाव करायला सांगतात आणि तीनदा तो गप्प राहतो. आपल्याला न्यायसभा दिसत नाही, बाहेर उभी राहून ते ऐकणारी आम्नेरिस दिसते, आणि मत्सराने ज्याला पकडून दिले त्यालाच वाचवण्यासाठी तडफडणारी ही स्त्री त्या पंधरा-वीस मिनिटांत संपूर्ण नाटक स्वतःकडे ओढून घेते. शेवटच्या प्रवेशात रंगमंच दोन पातळ्यांत विभागलेला असतो: वर मंदिर, खाली रादामेसला जिवंत पुरलेले भुयार, जिथे आयदा आधीच लपून बसली आहे. खाली दोघे जगाचा निरोप घेत गातात, वर आम्नेरिस शांतीची प्रार्थना करते. ही दोन्ही गाणी एकाच वेळी ऐकू यावीत यासाठीच जागेची एवढी निवड करायची.

संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला इथे फार परके वाटणार नाही. ‘आयदा’चा पहिला प्रयोग कैरोत 24 डिसेंबर 1871 रोजी झाला, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात 1880 साली रंगभूमीवर आले. दोन्हीकडे पद आले की प्रेक्षक पुढे सरकून बसतो. फरक एवढाच जाणून जावे, की नाट्यपदात गायक त्या रात्री विस्तार करतो, ऑपेरात स्वर आधीच लिहिलेले असतात आणि गायकाचे स्वातंत्र्य लय, जोर आणि श्वास यांत असते.

दुसरी रात्र हाती असेल आणि कार्यक्रमपत्रिकेत व्हेर्दी यांचेच ‘नाबुक्को’ असेल, तर तेही घ्यावे. त्यातील ‘वा, पेन्सिएरो’ हे वृंदगान संपले, की अरेनातील प्रेक्षक ते पुन्हा मागतात आणि बहुतेक वेळा वाद्यवृंदसंचालक ते पुन्हा देतात. वन्स मोअर म्हणायला आपल्याला कोणी शिकवायला नको.