पुढचा टायर आधी म्हातारा होतो

जुन्या मोटारसायकलीचे टायर तपासताना आपल्याकडे पहिली नजर जाते ती नक्षीवर. नक्षी खोल असेल तर टायर चांगला आणि गोटा झाला असेल तर बदलायचा, एवढ्यावर बहुतेकांचा निकाल लागतो. ही कसोटी खोटी नाही, परंतु ती टायरची झीज सांगते, त्याचे वय सांगत नाही. जी गाडी आठवड्याच्या बाजारापुरतीच बाहेर निघते, तिचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो, आणि त्यातही पुढचा. मागच्या चाकावर इंजिनची ओढ असते, डबलसीटचे आणि पोत्यांचे वजन असते, त्यामुळे तो टायर लवकर झिजतो आणि वेळेवर बदलला जातो. पुढचा मात्र सावकाश झिजतो, म्हणून गाडीबरोबर आलेला तोच टायर वर्षानुवर्षे चाकावर राहतो.

हा विषय निघाला तो कोरेगाव तालुक्यातील आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या, हिरो होंडामुळे. गुडघेदुखीमुळे आबांनी गाडी चालवणे जवळजवळ सोडले होते. आता त्यांच्या नातवाला सातारच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी हीच गाडी वापरायचे ठरले. टायर बघायला मी खाली बसलो तेव्हा आबा म्हणाले, “नक्षी बघ की, कोरी करकरीत हाय. कशाला खर्चात पडतोस?” नक्षी खरोखरच उत्तम होती.

टायरचे वय त्याच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, छापलेले असते. चार आकडी अंक शोधावा. त्यातील पहिले दोन आकडे त्या वर्षातील आठवडा दाखवतात आणि शेवटचे दोन वर्ष. आबांच्या पुढच्या टायरवर ३११४ असा अंक होता, म्हणजे तो २०१४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेला होता; मागच्यावर ४५२१ होता. हा अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी साखळीकडे किंवा मडगार्डच्या सळईआड आली, तर चाक फिरवून, बॅटरीच्या उजेडात तो शोधावा लागतो. कोठे केवळ तीनच आकडे आढळले, तर तो टायर २००० सालापूर्वीचा असतो आणि त्याबाबत पुढे काहीही तपासण्याची गरज उरत नाही.

मात्र तारीख हा एकटा निकाल नव्हे. टायरचे रबर हवेतील ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे जुने होते. ऑक्सिजनमुळे रबराच्या साखळ्यांमधील जोडण्या वाढत जातात आणि रबर कडक होते. ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर हल्ला करतो आणि तेथे बारीक चिरा पडतात. हे टाळण्यासाठी कारखान्यातच रबरात मेणासारखी आणि ओझोनरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर सतत वाकतो आणि सरळ होतो, त्यामुळे ही द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे काम मंदावते, आणि म्हणूनच “गाडी वापरलीच नाही” ही टायरच्या बाबतीत शिफारस ठरत नाही. त्यातून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात आणि कमी हवेवर उभी असेल, तर नुकसान दुहेरी होते: उष्णतेने रबर लवकर जुने होते आणि गाडीच्या वजनाने साइडवॉल एकाच जागी मुडपून राहते. जुन्या टायरवर कधी कधी तपकिरी झाक दिसते, तिला घाबरण्याचे कारण नाही. ती त्या ओझोनरोधक द्रव्याचीच असते.

चिरा पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नक्षीच्या खाचांचा तळ, साइडवॉलवरील अक्षरांच्या कडा आणि रिमला लागून असलेला भाग, या तीन ठिकाणी टायर स्वच्छ धुऊन, वाळवून पाहावे. सर्व्हिसिंगनंतर गॅरेजमध्ये टायरला जे चमकदार पॉलिश फासतात, ते माझ्या मते विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टीच असते, म्हणून पॉलिश केलेला टायर साबणाने धुतल्याशिवाय त्याच्याविषयी मत देऊ नये. वरवरच्या केसासारख्या रेषा असतील तर टायर नजरेखाली ठेवता येतो. परंतु खाचेच्या तळाशी चीर असेल, ती अंगठ्याने दाबल्यावर उघडत असेल किंवा आतील दोऱ्यांचे जाळे दिसत असेल, तर तेथेच विषय संपतो. टायरला कोठे फुगवटा आला असेल तरी तसेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ देखील उघडे पडलेले दोरे आणि स्थानिक फुगवटा असलेला टायर सुस्थितीत धरत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे कडकपणा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आबांच्या पुढच्या टायरवर चिरा अगदी किरकोळ होत्या. त्यांच्याकडे पाहून कोणीही त्याला पास केले असते. पण नक्षीच्या गट्ट्यावर नख दाबले तर ते जणू फरशीवर दाबल्यासारखे वाटत होते, आणि मागच्या टायरवर तेच नख किंचित रुतून खूण भरून येत होती. रबराचा कडकपणा मोजण्याचे शोअर ए मापनाचे छोटे यंत्र मिळते, पण घरगुती तपासणीसाठी टायरच्या दुकानात त्याच मापाच्या नव्या टायरवर नख दाबून पाहणे आणि लगेच आपल्या टायरवर दाबणे पुरेसे होते. ही तुलना सकाळी, दोन्ही टायर सावलीत असताना करावी, कारण उन्हात तापलेले जुने रबरही मऊ लागते.

या कडकपणाचा हिशेब पावसाळ्यात होतो. कोरड्या, सरळ रस्त्यावर कडक टायर तक्रार करत नाही. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात मात्र जुलैमध्ये धुके उतरलेले असते, वळणावर डोंगरातून वाहून आलेली माती पसरलेली असते, आणि रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. मऊ रबर डांबराच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून पकड घेते. कडक रबर त्यावरून सरकते. मागचे चाक सरकले तर गाडी शेपूट हलवते आणि कित्येकदा सावरताही येते, पण वळणात कललेल्या गाडीचे पुढचे चाक सरकले की सावरायला वेळच मिळत नाही. वळवाचा पहिला पाऊस तर याहून वाईट, कारण त्या वेळी रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल अजून धुऊन गेलेले नसते.

आबांचा एक मुद्दा मला आवडला. त्यांच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर याहून जुने आहेत आणि अजून नांगरट करतात, असे ते म्हणाले. ते खरे आहे, पण ट्रॅक्टर वळणात कलत नाही आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगाने धावत नाही.

वयाची मर्यादा किती मानावी, यावर मिशलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीचा सल्ला मला व्यवहार्य वाटतो: वापराची पाच वर्षे झाल्यावर दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि तयार झाल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर तो चांगला दिसत असला तरी बदलावा. आपल्याकडील ऊन लक्षात घेता, रोज महामार्गावर जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरला मी स्वतः सहा-सात वर्षांपलीकडे सवलत देणार नाही. मागच्याला, चिरा नसतील आणि नख रुतत असेल, तर थोडी देईन.

त्याप्रमाणे आबांच्या गाडीचा पुढचा टायर बदलला आणि मागचा ठेवला. त्याबरोबर ट्यूबही नवी घातली, कारण जुनी ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी चिरते, आणि ट्यूबच्या टायरमधील हवा ट्यूबलेसप्रमाणे हळूहळू न जाता एकदम जाऊ शकते. चाक उघडल्यावर रिमच्या आतील पट्टी कुजलेली निघाली आणि स्पोकच्या डोक्यांना गंज आढळला. तो घासून नवी पट्टी बसवली. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो, म्हणून पहिले शंभरेक किलोमीटर जोराचा ब्रेक आणि तीव्र कल टाळायला नातवाला बजावले आहे. उतरवलेला टायर दुकानातच कापून घेतला, नाहीतर तो दुसऱ्या कोणाच्या तरी पुढच्या चाकावर चढला असता.