गॉडझिलाच्या आधीची बोट

टोकियोत शिंजुकूला एका थिएटरच्या इमारतीवरून गॉडझिला डोकं काढून बघत असतो. खाली सेल्फीवाल्यांची झुंबड. फोटो मीही काढलाच. पण मला जायचं होतं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, युमेनोशिमा पार्कात, एका जुन्या बोटीच्या प्रदर्शन हॉलमध्ये. शिन-किबा स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि आत जायला तिकीट नाही.

हॉलमध्ये शिरलं की समोर नुसती बोटच दिसते, एवढी जागा तिने व्यापली आहे. दाइगो फुकुर्यू मारू. ट्यूना पकडणारी, सुमारे १४० टनांची लाकडी बोट. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा ही बोट अमेरिकेनंच आखलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. स्फोट निघाला १५ मेगाटनांचा, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. शास्त्रज्ञांचा अंदाज याच्या निम्माही नव्हता! पश्चिमेचं आकाश उजळलं आणि काही तासांनी पांढरी राख पडू लागली, भाजून निघालेल्या प्रवाळाचा भुगा. पाण्यात सोडलेले गळ टाकून पळणार कसं? २३ खलाशी त्या राखेतच दोर ओढत राहिले. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. ती राख इथे एका लहानशा बाटलीत ठेवलेली आहे. चिमूटभर असेल.

'गॉडझिला', म्हणजे हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसाचा सिनेमा, झळकला ३ नोव्हेंबर १९५४ ला. बोट परतून आठ महिनेही झाले नव्हते. सिनेमाच्या सुरुवातीलाच समुद्रात लखलखाट होतो आणि एक बोट पेटते; ती कुठली, हे जपानी प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागलं नसणार. पुढे टोकियो जळतं. मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात याच शहरात एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं मेली होती, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी कितीतरी जण थिएटरात बसले असतील. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैन्यातून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून आले होते. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत एक अमेरिकन पत्रकार घुसवला गेला आणि अणुचाचण्यांचे उल्लेख पातळ झाले.

गॉडझिलाचं खेळणं झालं म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. कानेतो शिंदोंनी १९५९ मध्ये थेट या बोटीवरच सिनेमा काढला, तो जपानबाहेर किती जणांना माहीत आहे? मी इथवर आलो तो राक्षसाचं शेपूट धरूनच. खटकतं ते वेगळंच. पहिल्या सिनेमात राक्षस मरतो आणि गोष्ट संपते. खलाशांची संपली नाही. पुढे आजार होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा.

बोटीलाही नाव बदलून मत्स्य विद्यापीठाची प्रशिक्षण नौका करण्यात आलं. १९६७ मध्ये ती भंगारात निघाली आणि याच युमेनोशिमात, तेव्हाच्या कचराभूमीत, पडून राहिली. लोकांनी मोहीम उभारून तिला वाचवलं. हॉल उघडला १९७६ मध्ये. तिचं इंजिन दुसऱ्या जहाजात गेलं, ते जहाज बुडालं, आणि इंजिन पुढे समुद्रातून वर काढलं. ते आता हॉलबाहेर आहे. सोमवारी मात्र जाऊ नका, बंद असतो.