एडिंबऱ्याची ‘दहा मिनिटं’ : ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासावरच्या परिषदेला जाणाऱ्यांसाठी

परिषदेच्या माहितीपत्रकात छापलं होतं, ‘वेव्हर्ली स्टेशनपासून चालत दहा मिनिटं’. खोटं नाही. पण नकाशा सपाट असतो आणि एडिंबरा सपाट नाही. वेव्हर्ली स्टेशन दरीच्या तळाशी आहे, आणि परिषद भरते ते न्यू कॉलेज ‘माउंड’ नावाच्या टेकाडावर. मधली दहा मिनिटं म्हणजे निव्वळ चढ आहे. पर्वती रोज चढणारी मी, पण चाकांची बॅग, सप्टेंबरातला आडवा वारा आणि दगड बसवलेला रस्ता असं एकत्र आलं की पर्वतीचा सराव कामाला येत नाही.

म्हणून आधी हेच सांगते, बाकी नंतर. स्टेशनातून मार्केट स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडलात की फोन तुम्हाला डावीकडच्या एखाद्या बोळातून पायऱ्यांनी वर पाठवू पाहील. ‘क्लोज’ म्हणतात त्या बोळांना. फोटोला सुरेख, सामानासकट अजिबात जाऊ नका. न्यूज स्टेप्सही नकोत. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूने आलात तर चित्रसंग्रहालयाशेजारी प्लेफेअर स्टेप्स लागतात, त्यांच्या माथ्यावरच न्यू कॉलेज आहे, त्यामुळे मोह होतो. बॅग असेल तर मोह आवरा. मार्केट स्ट्रीटनेच सरळ चढत जा. लांब वाटतो, पण रस्ता आहे, चाकं फिरतात. सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटजवळून २३ किंवा २७ नंबरची बस. ती माउंडचा चढ स्वतः चढते. जॉर्ज फोर्थ ब्रिजवर उतरा आणि उताराने खाली या. बसमध्ये सुट्टे परत देत नाहीत, तेव्हा कार्ड टेकवा. मला ही बस परतीच्या आदल्या दिवशी कळली. तिथल्या कुणाला सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांना तो चढ चढ वाटतच नाही.

तुमचा पेपर मंजूर झालाय, तब्येत ठीक आहे, अंगावर चांगला रेनकोट आहे, हे मी धरून चालले आहे. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते.

आता पैशांचं. व्हिसाचं काम मी आमच्याकडच्या एका एजंटाकडे दिलं होतं. नाव लिहीत नाही, पण असे एजंट प्रत्येक शहरात आहेत. त्याने दिलेल्या अंदाजपत्रकात ‘हेल्थ सरचार्ज’ अशी एक ओळ होती. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिजिटर व्हिसाला हा सरचार्ज लागतच नाही. तो दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना लागतो. विचारल्यावर म्हणाला, ‘मॅडम, सिस्टिममध्ये येतं.’ काही येत नाही. ती ओळ गेली, तर तिच्या जागी ‘कॉन्फरन्स फाइल तयार करणे’ अशी दुसरी आली, ८,००० रुपयांची. त्या फाइलीत होतं काय? परिषदेचं निमंत्रण, पेपर मंजूर झाल्याचं पत्र, कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि रजेचा अर्ज, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, प्रवासाचा खर्च कोण करणार त्याचं पत्र. सगळं मीच दिलेलं. त्याने त्याला फक्त प्लास्टिकचं कव्हर घातलं. शैक्षणिक परिषदेला जायला साधा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, अर्ज ऑनलाइन असतो, फी आपल्याच कार्डावरून भरता येते. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरतात. व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे द्यायला गेलात की एसएमएस, कुरिअर, खास प्रतीक्षागृह असं एकेक विकायला लागतील. सगळं ऐच्छिक आहे. नाही म्हणा. लाजू नका.

खोलीचीही तीच कथा. ‘मध्यवर्ती, शांत’ असं वाचून घेतलेली खोली एका जुन्या दगडी इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर निघाली. लिफ्ट नाही, गोल जिना. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत बॅग ठेवायचे १० पौंड वेगळे. तिथल्या जुन्या चाळवजा इमारतींना बहुधा लिफ्ट नसतेच, म्हणून बुकिंग करताना मजला विचारा. आणि ऑगस्टमध्ये परिषद असेल तर हात जोडा, त्या महिन्यात नाट्यमहोत्सवामुळे शहराचे भाव आपल्यासाठी नसतात.

विमानतळावरून ट्राम चांगली आहे, पण विमानतळ हा एकटाच थांबा महाग पट्ट्यात टाकलाय. पुढचा थांबा, इंग्लिस्टन पार्क अँड राइड, शहराच्या साध्या भाड्यात येतो. सामान हलकं असेल तर तिथपर्यंत पायी जाता येतं. तिकीट फलाटावरच्या यंत्रात आधीच काढा. आत चढून काढलंत तर भुर्दंड.

परिषदेबद्दल काय सांगू? जागेचा दबदबा आहे. फाटकातून आत गेलं की चौकात स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याचा पुतळा हात उंचावून उभा असतो, आणि त्याच्या पलीकडे तो असेंब्ली हॉल. १९१० च्या जूनमध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली ती इथेच. सुमारे १,२०० प्रतिनिधी, त्यात आशियातले वीसही नव्हते. त्या थोडक्यांपैकी एक व्ही. एस. अझरय्या. गोऱ्या मिशनऱ्यांच्या सभेत उभं राहून ते म्हणाले होते, तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, स्वतःचे देह दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी तेच अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. हॉल नेहमी उघडा नसतो, ऑफिसात विचारून ठेवा.

आताच्या परिषदेत जवळजवळ प्रत्येक वक्ता एकच स्लाइड दाखवून सुरुवात करतो : १९०० साली जगातले पाचांपैकी चार ख्रिस्ती युरोप-उत्तर अमेरिकेत होते, आज तीनांपैकी दोन आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत आहेत. ठीक. मग त्या दोन-तृतीयांशांतले लोक खोलीत किती? माझ्या सत्रात एक नायजेरियन अभ्यासक येणार होते, व्हिसा नाकारला गेला, ते पडद्यावर आले, आवाज तुटत राहिला. चेअरने, म्हणजे सत्राच्या अध्यक्षाने, ‘वेळेअभावी’ त्यांचे प्रश्न गुंडाळले. त्यांच्याआधी बोललेल्या युरोपीय प्राध्यापकांनी ठरलेल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं जास्त घेतली होती, ती कुणी मोजली नाहीत. मी मोजली. चेअरशी सत्राआधीच बोला, आणि आपण शेवटचे वक्ते असू तर वेळेची चिठ्ठी कोण दाखवणार हे त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या.

माझा पेपर नारायण शेषाद्रींवर होता, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या. १८४३ चं श्रीपत शेषाद्री प्रकरण आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांमुळे लोकांना ऐकून तरी माहीत असतं. नारायण आणि श्रीपत हे दोघे भाऊ मिशनऱ्यांकडे गेले होते. कोर्टाने धाकट्या श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं, जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देवून परत जातीत घेण्यासाठी आटापिटा केला. थोरला नारायण मात्र ख्रिस्तीच राहिला, पुढे फ्री चर्चचा (चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून निघालेला पंथ) पाळक झाला आणि निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे हे कुणालाच माहीत नसतं. माझी निम्मी वेळ जातपंचायत, शंकराचार्य, निजाम हे समजावण्यातच गेली. तुम्ही एक नकाशा आणि चार तारखा एवढंच दाखवा, लगेच मुद्द्यावर या. कोण जांभेकर ते चहाच्या वेळी सांगता येतं, खरी चर्चा तिथेच होते.

जेवणात सँडविच. रोज. शाकाहाऱ्यांना चीज, दुसऱ्या दिवशीही चीज. संध्याकाळी निकोलसन स्क्वेअरच्या बाजूला मशिदीजवळ स्वस्तात डाळ-भात मिळतो, सरळ तिकडे चाला. लीथच्या धक्क्यावर एक दुपार छान गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता ज्यासाठी खरं जायचं ते. जॉर्ज फोर्थ ब्रिजवर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड आहे. चर्च ऑफ स्कॉटलंड आणि फ्री चर्च यांच्या परदेशी मिशनांची कागदपत्रं तिथे आहेत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत उतरले तिथपासून मुंबई, पुणे, नागपूर, जालना, सगळं. परिषद संपल्यावर मी तिथे बसले आणि खरं सांगते, माझा सगळा वैताग तिथेच उतरला. मला हवं होतं ते सापडलं. काय, ते छापून आल्यावर वाचा.

वाचक-कार्डासाठी पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा न्या. हस्तलिखितं आधी मागवून ठेवा, नाहीतर पहिला दिवस नुसता वाट बघण्यात जातो. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटोंचे नियम काउंटरवर आधी विचारा. शोधताना जुनी इंग्रजी रूपं टाका : ‘पूना’, ‘जॉलना’. अक्षर भयंकर असतं, टपालखर्च वाचवायला काहींनी पान आडवं लिहून झाल्यावर त्यावरच उभं लिहिलंय. भिंग न्या. परिषदेला जितके दिवस देणार असाल, त्याहून जास्त या वाचनालयाला द्या. एकट्या परिषदेसाठी इतका खर्च करून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण विषय कोणता ते आधी बघा. नगर, सोलापूर, साताऱ्याच्या अमेरिकन मराठी मिशनवर काम असेल तर एडिंबऱ्यात हाती काही लागणार नाही, त्यांचं दप्तर हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहे. नाशिकच्या शरणपूरची सीएमएसची (चर्च मिशनरी सोसायटी) कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात. कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियनांची फिलाडेल्फियात. येल आणि एडिंबरा इथल्या लोकांचा जो गट अँड्र्यू वॉल्स आणि लामिन सन्नेह या अभ्यासकांनी १९९२ ला सुरू केला, त्याची परिषद आलटून-पालटून दोन्हीकडे भरते. अमेरिकेची पाळी असेल त्या वर्षी नगरवाल्यांनी जावं, हार्वर्डही त्याच फेरीत होतं.

परतताना हातात स्कॉटिश बँकांच्या नोटा राहिल्या तर तिथेच संपवा किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मागून घ्या. पुण्यातल्या मनी चेंजरने माझ्या उलटून-पालटून पाहिल्या आणि परत केल्या. अजून कपाटात आहेत, कुणी जाणार असेल तर चालू दराने देईन.