बाबांच्या वह्यांसाठी जुना लॅपटॉप

बाबांनी वऱ्हाडी शब्दांच्या अकरा वह्या भरल्यात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं हेच काम. हिवाळ्यात एकदा म्हणाले, "वाळवी लागायच्या आत हे सारं टाइप झालं पाहिजे." टायपिंगशिवाय दुसरं काही करायचं नव्हतं, मग नव्या लॅपटॉपवर चाळीस हजार कशाला घालायचे? मी नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जुने लॅपटॉप बघत फिरू लागले.

पहिल्या दुकानात एक पातळ, चकचकीत लॅपटॉप समोर आला. "बॅटरी एकदम नवीसारखी आहे ताई." विंडोजमध्ये एका कमांडने बॅटरीचा अहवाल निघतो. नवी असताना ती किती चार्ज धरायची आणि आज किती धरते, हे दोन्ही आकडे त्यात असतात. मी तो तिथेच काढला. तिसरा हिस्साही उरला नव्हता. वर आत जुनी फिरती हार्ड डिस्क, कोरं पान उघडायलाच मिनिटभर! मला फार राग आला. बाबा एकटे गेले असते तर विश्वासाने पैसे देऊन आले असते.

पुढच्या खेपेला बाबांनाच सोबत नेलं, वहीसकट. त्यांचा हात इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीवर बसलेला आहे. दुकानदाराने स्टूल दिलं आणि बाबांनी प्रत्येक मशीनवर आधी एकच शब्द टाइप केला: वऱ्हाडी. त्यातला 'ऱ' शिफ्ट धरून 'जे' दाबल्यावर येतो. शिफ्ट नीट लागली नाही की साधा 'र' पडतो, रफार चढतो आणि 'वर्हाडी' होतं. दोन मशीन तिथेच बाद झाल्या. तिसरा होता थिंकपॅड टी४३०, २०१२ सालचं मॉडेल. कळा खोल, ठसठशीत. बाबांनी अख्खं पान टाइप केलं आणि मान वर करून म्हणाले, "हाच घे."

असे लॅपटॉप स्वस्त मिळतात त्याचं एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इतक्या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. लिहिण्याच्या कामाला त्याने काही अडत नाही. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली, त्यात लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस, दोन्ही फुकट. ८ जीबी रॅम आधीच होती. खर्च करायचाच तर तो एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर करा, हे मी आग्रहाने सांगेन. या मॉडेलला खालचा एक स्क्रू काढला की डिस्क बाहेर येते. २४० जीबीची एसएसडी बसवली आणि मशीनचा सगळा सुस्तपणा गेला. बॅटरीही स्क्रूशिवाय निघते, उद्या बदलावी लागली तर कारागीर नको.

घरी आल्यावर तारीख दर वेळी मागे जायची, त्यामुळे ब्राउझरमध्ये काही उघडेना. लॅपटॉपचं घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा सेल संपला होता. तो बदलून घेतला.

टेबल कूलरच्या झोतापासून दूर, खिडकीजवळ मांडलंय. सध्या बाबांची तिसरी वही चालू आहे, भाजीबाजाराची. काल 'सांबार' म्हणजे कोथिंबीर झाली. त्या एका शब्दाखाली त्यांनी पाऊण पान लिहिलंय.