महिंद्रा व्हेरिटो डिझेल, नोंद 4: टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा दातेरी पट्टा; क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा) आत्ताच का

रीडिंग 61,400 किलोमीटर. मागचा बेल्ट 2018 मध्ये, 22,000 किलोमीटरला बसवल्याचं बिल फाइलला आहे. म्हणजे बेल्टचे 39,400 किलोमीटर झाले आणि सात वर्षं उलटली. किलोमीटर बघितले तर घाई नाही, वर्षं बघितली तर उशीर झालाय. पुस्तिकेत दोन्ही आकडे असतात आणि जो आधी भरेल तो धरायचा. निर्णय: बदलायचा.

तिसरा हिशेब तासांचा, आणि कोल्हापुरात तोच जास्त महत्त्वाचा. ही गाडी गंगावेस, दसरा चौक, शाहूपुरी एवढ्यातच फिरते. हंगामात वर उसाच्या ट्रॉल्यांमागची रांग. सरासरी ताशी 18 धरली तर 39,400 किलोमीटरला जवळपास 2,200 तास होतात. हेच अंतर हायवेला ताशी 55 ने कापलं असतं तर 700 च्या आसपास. हायवेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) जास्त असतो हे मान्य, तरी क्रँकचे एकूण फेरे शहरात साधारण दुप्पट भरतात. गाडी सिग्नलला उभी असली तरी बेल्ट फिरतच असतो.

वरचं कव्हर काढून बघितलं. बेल्ट काळा, कोरा, एकही चीर नाही. यावर विसंबू नये. आताच्या बेल्टचं रबर सहसा चिरत नाही. आतले काचतंतू थकतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. कडेचे धागे सुटले, दाताच्या मुळाशी भेग पडली किंवा पाठ चकाकायला लागली तर तो शेवट आहे, इशारा नव्हे. तेलाचा थेंब दिसला तर तारीख बघूच नका: रबर फुगतं, दात सुटतात. आधी कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील, मग बेल्ट. इथे कॅम सीलखाली ओलसर डाग आहे, म्हणून सील यादीत घेतलं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. 2019 किंवा 2021 च्या पुरात गाडी उभी होती का? खालच्या कव्हरमध्ये गाळ बसतो, टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. अशा गाडीचा बेल्ट दोन वर्षांचा असला तरी काढायचा. बिल नसेल तर बेल्ट कंपनीतून आलेलाच आहे असं धरून चालायचं.

यादी: बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कॅम सील, क्रँक पुलीचा नवा बोल्ट, बाहेरचा अल्टरनेटर बेल्ट, कूलंट (निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर). नुसता बेल्ट टाकून पैसे वाचवणं मला अजिबात पटत नाही. या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. पंप जाम झाला की नव्या बेल्टचेही दात उडतात, पिस्टन व्हॉल्वला भिडतो आणि हेड उतरवावं लागतं. मजुरी तर एकदाच उघडण्याची आहे.

कामाचा क्रम: बॅटरीची निगेटिव्ह, उजवं पुढचं चाक, त्यामागचं प्लास्टिक लायनर काढायचं. ऑइल संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅक, मग इंजिनचं उजवं माउंटिंग. क्रँक पुलीचा बोल्ट आधी सैल करायचा, टायमिंगच्या पिना (क्रँक आणि कॅम खुणेवर अडवून धरणाऱ्या) नंतर लावायच्या. पिनेच्या जोरावर बोल्ट सोडवला तर पिन वाकते आणि खूण चुकते. कॅमची पिन 8 मिलिमीटरची. उद्यमनगरात टर्निंगवाल्याकडून करून घेता येते, पण माप अचूक हवं. डिझेलच्या हाय-प्रेशर पंपाची पुलीही याच बेल्टवर आहे, तिचीही खूण जुळवा.

बेल्ट घडी घालून किंवा पिळून ठेवू नका, तंतू तुटतात. पुलीवर स्क्रू ड्रायव्हरने रेटून चढवू नका. टेन्शनरचा काटा खुणेवर आणा, पिना काढा, पाना लावून क्रँक चालत्या दिशेनेच दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. मध्ये कुठे अडला तर जोर लावू नका, थांबा, एखादा दात चुकलाय. फेरे झाले की पिना पुन्हा घालून बघा, काटा पुन्हा तपासा. स्टार्टर त्यानंतरच.

बॉनेटच्या आत तारीख आणि रीडिंगचं स्टिकर लावायचं राहिलंय. पुढची तपासणी 500 किलोमीटरला: सीलखाली कोरडं आहे का, कूलंटची पातळी उतरली का.